आंशिक गुडघारोपणाचे अपयश : वर्गीकरण आणि पुनर्शस्त्रक्रियेची दिशा

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. हे प्रमाण वाढत असून २०३६ पर्यंत ते १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचेल असा अंदाज आहे. वाढत्या आयुर्मानाबरोबर सांध्यांची झीज हा सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न बनला आहे. गुडघ्याच्या संधिवातावर कृत्रिम सांधा बसविणे हा आता सर्वपरिचित उपचार आहे. तथापि, बसविलेला सांधा अयशस्वी ठरला तर पुढे काय करावयाचे, या प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही. संपूर्ण सांध्याऐवजी केवळ झिजलेला भाग बदलण्याच्या म्हणजेच आंशिक रोपणाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

कल्पना करावी, की आंशिक रोपण झालेले तीन रुग्ण एकाच दिवशी बाह्यरुग्ण विभागात आले आहेत. तिघांचीही तक्रार एकच : गुडघा पुन्हा दुखतो. पहिल्याच्या सांध्यात जंतुसंसर्ग आहे, दुसऱ्याच्या गुडघ्याची न बदललेली बाजू झिजली आहे आणि तिसऱ्याच्या सांध्यात काहीही बिघडलेले नाही. त्याची वेदना कमरेच्या मणक्यातून येते आहे. पहिल्याला दोन टप्प्यांची मोठी शस्त्रक्रिया लागू शकते, दुसऱ्याला संपूर्ण गुडघारोपण पुरेसे ठरेल आणि तिसऱ्यावर गुडघ्याची कोणतीही शस्त्रक्रिया करणे ही चूकच ठरेल. तक्रार एक असली तरी अपयश एक नसते. म्हणूनच अपयशाचे शास्त्रीय वर्गीकरण ही पुनर्शस्त्रक्रियेची पहिली पायरी होय.

आंशिक गुडघारोपण म्हणजे काय?

गुडघ्याच्या सांध्याचे तीन कप्पे मानले जातात : मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांमधील आतला कप्पा, त्यांच्यामधीलच बाहेरचा कप्पा आणि वाटीमागील कप्पा. अनेक रुग्णांमध्ये झीज प्रथम आतल्या कप्प्यात सुरू होते व पाय बाहेरच्या बाजूस धनुष्यासारखे वाकू लागतात. झीज याच कप्प्यापुरती मर्यादित असेल आणि गुडघ्याच्या मध्यभागी असणारा पुढचा अस्थिबंध शाबूत असेल, तर केवळ तेवढाच कप्पा बदलता येतो. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचे आवरण, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोहोंमध्ये पॉलिएथिलीन या टिकाऊ प्लास्टिकची चकती अशी या रोपणाची रचना असते. काही प्रकारांत ही चकती बैठकीवर पक्की बसविलेली असते, तर काहींत ती सरकती असते.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील लिओनार्ड मार्मोर यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे शल्यविशारद जॉन गुडफेलो व अभियंता जॉन ओकॉनर यांनी सरकत्या चकतीचा सांधा विकसित केला आणि १९८२ पासून तो एका कप्प्यासाठी वापरला जाऊ लागला. १९८९ मध्ये कोझिन व स्कॉट यांनी या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडीचे कडक निकष सुचविले. पुढील अनुभवावरून वय व वजन यांविषयीचे त्यांतील काही निकष आता बरेच शिथिल झाले आहेत.

या पद्धतीचे फायदे उघड आहेत. हाड कमी कापावे लागते, अस्थिबंध जपले जातात आणि रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. ब्रिटनमधील २७ केंद्रांवर ५२८ रुग्णांचा सहभाग असलेल्या एका चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आंशिक व संपूर्ण रोपणाचे रुग्णांना जाणवणारे परिणाम जवळपास सारखेच होते आणि आंशिक रोपण खर्चाच्या दृष्टीने अधिक किफायतशीर ठरले.

असे असूनही राष्ट्रीय नोंदवह्या वेगळे चित्र दाखवितात. इंग्लंड व वेल्समधील नोंदींवर आधारित, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकमेकांशी जुळणाऱ्या एक लाखाहून अधिक रुग्णांची तुलना करण्यात आली. आंशिक रोपणानंतर मृत्यू, हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण कमी आढळले. मात्र आठ वर्षांत पुनर्शस्त्रक्रियेची शक्यता संपूर्ण रोपणाच्या तुलनेत दुपटीहून थोडी अधिक होती.

‘अपयश’ कशाला म्हणावे?

येथे व्याख्येचा प्रश्न उपस्थित होतो. नोंदवह्यांमध्ये बसविलेल्या सांध्याचा एखादा भाग काढणे, बदलणे किंवा नवा भाग जोडणे यास पुनर्शस्त्रक्रिया मानले जाते आणि पुनर्शस्त्रक्रिया म्हणजेच अपयश असे गृहीत धरले जाते. परंतु पुनर्शस्त्रक्रिया हा सांध्याचा गुणधर्म नसून शल्यविशारद व रुग्ण यांनी मिळून घेतलेला निर्णय असतो. आंशिक सांधा काढून संपूर्ण सांधा बसविणे तुलनेने सोपे वाटते. त्यामुळे हा निर्णय लवकर घेतला जातो. संपूर्ण सांधा दुखत असला तरी तो काढणे जोखमीचे असल्याने रुग्णास थांबण्याचा सल्ला दिला जातो.

न्यूझीलंडच्या नोंदवहीवरील विश्लेषणातून हा फरक ठळकपणे पुढे आला. शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या गुडघ्याचे गुणांकन अत्यंत कमी होते अशा रुग्णांपैकी आंशिक रोपण झालेल्या सुमारे ६३ टक्के रुग्णांवर पुनर्शस्त्रक्रिया झाली, तर संपूर्ण रोपण झालेल्यांपैकी केवळ १२ टक्क्यांवर झाली. गुडघ्याची स्थिती सारखीच वाईट असूनही निर्णय वेगळे होते. म्हणूनच केवळ पुनर्शस्त्रक्रियेचा दर पाहून एखादी पद्धत चांगली वा वाईट ठरविणे अपुरे आहे. प्रत्येक पुनर्शस्त्रक्रियेमागील कारण नोंदविले गेले तरच त्या आकड्याला अर्थ प्राप्त होतो.

कारणानुसार वर्गीकरण

अपयशाचे वर्गीकरण करताना पहिला निकष कारणाचा असतो. ढोबळमानाने पुढील सात गट केले जातात.

१) जंतुसंसर्ग : याचे प्रमाण कमी असले तरी विचार सर्वप्रथम याचाच केला जातो, कारण संसर्ग असताना बसविलेला नवा सांधाही टिकत नाही. रक्तातील दाहदर्शक चाचण्या आणि सांध्यातील द्रवाची तपासणी आवश्यक असते. सांध्यापर्यंत पोहोचणारी पूवाहक नलिका आढळणे किंवा दोन स्वतंत्र नमुन्यांत एकच जंतू सापडणे हा संसर्गाचा ठोस पुरावा मानला जातो.

२) संसर्गाविना सैल होणे : अस्थिसिमेंट व हाड यांमधील पकड सुटते आणि विशेषतः नडगीवरील बैठक हलू लागते.

३) उर्वरित कप्प्यांत झीज पसरणे : बदललेला कप्पा उत्तम असतो, मात्र बाहेरचा किंवा वाटीमागील कप्पा झिजतो. पहिल्या शस्त्रक्रियेत पायाचा बाक गरजेपेक्षा अधिक सरळ केल्यास भार बाहेरच्या कप्प्यावर जाऊन ही झीज लवकर होते.

४) चकतीचे दोष : सरकती चकती जागेवरून निसटते किंवा पक्की चकती झिजते. मांडी घालून वा उकिडवे बसण्याची सवय असणाऱ्या समाजांत गुडघा खोलवर वाकविला जातो. त्यामुळे चकती निसटण्याचा धोका वाढतो, याकडे आशियाई अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

५) अस्थिरता व चुकीची मांडणी : अस्थिबंध निकामी होणे अथवा सांध्याचे भाग चुकीच्या कोनात बसविले जाणे.

६) अस्थिभंग : बैठकीखालील नडगीच्या हाडाला तडा जाणे. हा प्रकार बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आढळतो.

७) अनाकलनीय वेदना : सर्व तपासण्या करूनही कारण न सापडणे. वस्तुतः हा निदानाचा गट नसून निदान अपूर्ण असल्याची नोंद आहे. कारण न समजता केलेल्या पुनर्शस्त्रक्रियेतून रुग्णाला समाधान मिळण्याची शक्यता कमी असते.

काळानुसार वर्गीकरण

अपयश केव्हा आले यावरून त्याच्या कारणाचा अंदाज बांधता येतो. पहिल्या काही महिन्यांत संसर्ग, अस्थिभंग व चकती निसटणे यांचा संशय घेतला जातो. पहिल्या पाच वर्षांत बैठक सैल होणे हे प्रमुख कारण दिसते. त्यानंतरच्या काळात उर्वरित कप्प्यांतील झीज अग्रस्थानी येते आणि पॉलिएथिलीनची झीजही दिसू लागते. लवकर येणारे अपयश बहुधा रुग्णाची निवड किंवा शस्त्रक्रियेतील तंत्र यांच्याशी निगडित असते. उशिरा येणारे अपयश हे रोगाची वाटचाल आणि वापरलेल्या साहित्याची मर्यादा दर्शविते.

हाडाच्या हानीनुसार वर्गीकरण

कारण समजल्यानंतर दुसरा प्रश्न येतो : नवा सांधा बसविण्यासाठी किती हाड शिल्लक आहे? यासाठी अमेरिकेतील अँडरसन अस्थिरोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण जगभर वापरले जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ‘ए.ओ.आर.आय.’ या नावाने ओळखले जाते. मांडीचे हाड व नडगीचे हाड यांचा वर्ग स्वतंत्रपणे ठरविला जातो.

प्रकार १ मध्ये सांध्यालगतचे हाड शाबूत असते. खळगे लहान असतात आणि नवा सांधा त्यावर स्थिर राहू शकतो. प्रकार २ मध्ये सांध्यालगतच्या हाडाची हानी झालेली असते आणि ती भरून काढावी लागते. त्याचे दोन उपप्रकार आहेत : हानी एकाच बाजूची असल्यास ‘२ अ’ आणि दोन्ही बाजूंची असल्यास ‘२ ब’. प्रकार ३ मध्ये हाडाचा मोठा भाग नष्ट झालेला असतो आणि अनेकदा त्याला जोडलेले अस्थिबंधही निकामी झालेले असतात.

आंशिक रोपणात एकाच बाजूचे हाड कापलेले असल्याने अयशस्वी सांधा काढल्यानंतर बहुतेक वेळा प्रकार १ किंवा ‘२ अ’ आढळतो. मात्र सैल झालेली बैठक दीर्घकाळ तशीच राहिली, संसर्ग लांबला किंवा पहिल्या वेळी हाड खोलवर कापले गेले, तर हानी वाढते. क्ष-किरण चित्रावरून केलेला अंदाज सांधा काढल्यानंतर बदलू शकतो. त्यामुळे अंतिम वर्ग शस्त्रक्रियेच्या वेळीच निश्चित होतो आणि पर्यायी साहित्य अगोदरपासून तयार ठेवावे लागते.

वर्गावरून उपचाराकडे

कारण, काळ, हाडाची हानी आणि अस्थिबंधांची स्थिती या चार बाबी एकत्र मांडल्या की उपचाराचा मार्ग बऱ्याच अंशी स्पष्ट होतो.

• सरकती चकती निसटली आहे, पण धातूचे भाग पक्के व अस्थिबंध शाबूत आहेत : केवळ चकती बदलून अधिक जाडीची बसविणे पुरेसे ठरू शकते. चकती वारंवार निसटत असल्यास संपूर्ण रोपणाचा विचार केला जातो.

• दुसऱ्या कप्प्यात झीज, हाडाची हानी प्रकार १ : नेहमीच्या प्राथमिक सांध्याने संपूर्ण गुडघारोपण. निवडक रुग्णांत झिजलेल्या कप्प्यात दुसरे आंशिक रोपण हाही पर्याय असतो.

• बैठक सैल, नडगीची हानी ‘२ अ’ : संपूर्ण गुडघारोपण. खळगा सुमारे पाच मिलिमीटरपर्यंत असल्यास अस्थिसिमेंटने भरता येतो. त्याहून खोल असल्यास हाडाचे कलम किंवा धातूचा ठोकळा आणि बैठकीला आधार देणारी लांब दांडी वापरावी लागते.

• हानी प्रकार ३ अथवा बाजूचे अस्थिबंध निकामी : हाडाची पोकळी भरणारे धातूचे शंकू आणि अधिक बंदिस्त सांधा. अगदी टोकाच्या स्थितीत बिजागरीसारखा सांधा वापरला जातो.

• शस्त्रक्रियेनंतर अल्पावधीतील संसर्ग, सांधा पक्का : सांधा स्वच्छ धुऊन, दूषित ऊती काढून व चकती बदलून मूळ सांधा वाचविण्याचा प्रयत्न केला जातो.

• जुना संसर्ग : सर्व भाग काढून संपूर्ण रोपणात रूपांतर. अनेकदा हे दोन टप्प्यांत केले जाते. पहिल्या टप्प्यात प्रतिजैविकयुक्त सिमेंट ठेवून संसर्ग आटोक्यात आणला जातो आणि दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा बसविला जातो.

• अनाकलनीय वेदना : शस्त्रक्रिया न करता प्रतीक्षा, पुनर्तपासणी आणि खुबा व कमरेचा मणका यांची तपासणी.

निदानातील एका सापळ्याचा उल्लेख आवश्यक आहे. सिमेंटने बसविलेल्या बैठकीखाली क्ष-किरण चित्रात अनेकदा बारीक काळसर रेषा दिसते. ती दोन मिलिमीटरपेक्षा बारीक, स्पष्ट कडांची आणि काळानुसार न वाढणारी असेल, तर ती निरुपद्रवी समजली जाते. वाढत जाणारी, जाड व अस्पष्ट कडांची रेषा मात्र सैलपणाचे लक्षण असते. हा भेद लक्षात न घेतल्यास पक्का बसलेला सांधा विनाकारण काढला जाण्याचा धोका असतो.

चुकीच्या निर्णयाची किंमत

आंशिक रोपण अयशस्वी झाले तरी संपूर्ण रोपण सहज करता येते, असा समज प्रचलित आहे. न्यूझीलंडच्या नोंदवहीवर आधारित २०१० च्या अभ्यासाने त्यास मर्यादा घातली. आंशिक रोपणाचे संपूर्ण रोपणात रूपांतर केल्यानंतर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा दर हा पहिल्यांदाच केलेल्या संपूर्ण रोपणाच्या सुमारे चौपट आढळला. अयशस्वी आंशिक सांधा काढून त्या जागी पुन्हा आंशिक सांधाच बसविल्यास हा दर सुमारे तेरापट होता. पुनर्शस्त्रक्रियेचा प्रकार निवडण्यात झालेली चूक किती महाग पडते, याचे हे निदर्शक होय.

भारतात या किमतीला आर्थिक बाजूही आहे. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ च्या परिच्छेद १९ अन्वये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती निश्चित केल्या. त्या वेळी सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या प्राथमिक संपूर्ण सांध्याची कमाल किंमत वस्तू व सेवा कर वगळून ५४,७२० रुपये, तर पुनर्शस्त्रक्रियेच्या सांध्याची १,१३,९५० रुपये ठरविण्यात आली. किमती बऱ्याच उतरल्या तरी पुनर्शस्त्रक्रियेचा सांधा प्राथमिक सांध्याच्या दुपटीहून महाग राहिला, ही बाब लक्षणीय आहे. हाडाची हानी प्रकार १ असताना वेळीच निर्णय घेतल्यास रुग्णाचे काम प्राथमिक सांध्यावर भागू शकते. विलंबाने हानी वाढल्यास खर्च, शस्त्रक्रियेचा कालावधी आणि जोखीम हे तिन्ही वाढतात. ज्या कुटुंबाने पहिल्या शस्त्रक्रियेसाठीच बचत मोडलेली असते, त्याच्यासाठी हा फरक निर्णायक असतो.

नियमन, दक्षता आणि नोंदवही

वर्गीकरण हे एका रुग्णासाठी जितके उपयुक्त, तितकेच आरोग्य व्यवस्थेसाठीही असते. प्रत्येक अपयशाचे कारण एकाच भाषेत नोंदविले गेले, तर दोष सांध्याचा, तंत्राचा की रुग्ण निवडीचा हे उमगते. स्वीडनने गुडघारोपणाची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली. ऑस्ट्रेलियाची नोंदवही १९९९ मध्ये आणि इंग्लंड व वेल्सची २००३ मध्ये कार्यान्वित झाली. धातूवर धातू घासणारा एक कृत्रिम खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागविण्यात आला. त्याच्या अपयशाचे वाढीव प्रमाण ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने त्याआधीच दाखविले होते. भारतात मात्र तो बसविलेल्या सर्व रुग्णांचा माग काढणे कठीण गेले.

भारतात अस्थिरोपणांना २००५ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियंत्रणाखाली आणण्यात आले. वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्ग करण्यात आले आहेत. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेण्यासाठी ६ जुलै २०१५ रोजी भारतीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग हे त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. खुबा व गुडघा शल्यविशारदांच्या भारतीय संघटनेनेही सांधेरोपणाची नोंदवही चालविली आहे. मात्र तिच्यातील नोंद ऐच्छिक स्वरूपाची आहे.

अपायाची सूचना आणि नोंदवही यांतील फरक येथे ध्यानात घ्यावयास हवा. अपायाच्या सूचनेतून एखादी घटना कळते. नोंदवहीतून त्या प्रकारचे एकूण किती सांधे बसविले गेले हेही कळते, आणि त्यामुळेच अपयशाचा दर काढता येतो. किती सांधे बसविले हेच माहीत नसेल, तर अपयशांच्या संख्येवरून निष्कर्ष काढणे शक्य नसते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेसारख्या योजनांतून मोठ्या रुग्णालयीन उपचारांची संगणकीय नोंद होऊ लागली आहे. सांध्याचा प्रकार, बदललेली बाजू, पुनर्शस्त्रक्रियेचे कारण आणि हाडाच्या हानीचा वर्ग या चार बाबी अशा नोंदींत समाविष्ट झाल्यास राष्ट्रीय नोंदवहीचा पाया घातला जाऊ शकतो.

समारोप

आंशिक गुडघारोपण ही योग्य रुग्णासाठी उपयुक्त पद्धत आहे आणि तिच्यातील प्रत्येक अपयश म्हणजे पद्धतीचा पराभव नव्हे. अयशस्वी ठरलेला सांधा काढण्यापूर्वी त्याच्या अपयशाचे कारण, वेळ, हाडाची हानी आणि अस्थिबंधांची स्थिती निश्चित करणे अगत्याचे आहे. सुरुवातीच्या उदाहरणातील तीन रुग्णांपैकी एकाला दोन शस्त्रक्रिया लागतात, एकाला एक आणि एकाला एकही नाही. हा निवाडा पहिल्याच भेटीत अचूक होणे, यावर त्या तिघांचे उर्वरित आयुष्यातील चालणे अवलंबून असते. अशा हजारो निवाड्यांची एकत्रित नोंद उपलब्ध झाल्यास पुढील रुग्णांच्या बाबतीत हेच अपयश टाळता येणे शक्य होईल.